बॉयकॉट (शब्द)

बॉयकॉट हा इंग्रजी भाषेतील शब्द असून तो नाम व क्रियापद अशा दोन्ही रूपांत वापरला जातो. एखादी व्यक्ती, संस्था, वस्तू, कार्यक्रम किंवा देश यांच्याशी असलेला व्यवहार निषेध म्हणून किंवा दबाव आणण्यासाठी अनेकांनी मिळून ठरवून थांबवणे, असा त्याचा अर्थ आहे. मराठीत त्यासाठी 'बहिष्कार' हा प्रतिशब्द रूढ आहे. 'बॉयकॉट' हा शब्द १८८० साली आयर्लंडमधील मेयो परगण्यात चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट या कारभाऱ्याच्या आडनावावरून तयार झाला. व्यक्तिनामावरून बनलेल्या इंग्रजी शब्दांपैकी ज्यांचा जन्म जवळजवळ दिवसाच्या हिशेबाने सांगता येतो, अशा मोजक्या शब्दांत त्याची गणना होते.

इंग्रजी शब्द दुर्बळांनी बलवानाविरुद्ध केलेल्या कृतीतून जन्मला. त्याच्या मराठी प्रतिशब्दामागे मात्र बलवानांनी दुर्बळांना दिलेल्या शिक्षेचा मोठा इतिहास आहे. हे दोन्ही प्रवाह एकाच शब्दात मिसळल्यामुळे 'बहिष्कार' या शब्दाचा अर्थ लावताना तो कोणी, कोणावर व कशासाठी घातला हे पाहणे आवश्यक ठरते.

## व्युत्पत्ती

'बॉयकॉट' हे मुळात इंग्लंडमधील एक आडनाव आहे. इंग्रजीत मुलगा या अर्थी असलेला 'बॉय' आणि खाट या अर्थी असलेला 'कॉट' यांच्याशी या शब्दाचा अर्थाच्या दृष्टीने काहीही संबंध नाही. उच्चारातील साम्यामुळे तशी समजूत होऊ शकते एवढेच. चार्ल्स बॉयकॉट याच्या घराण्याचे आडनाव पूर्वी 'बॉयकॅट' असे लिहिले जाई. चार्ल्सच्या बालपणी कुटुंबाने त्याचे लेखन बदलून 'बॉयकॉट' असे केले. इंग्लंडचे क्रिकेटपटू जेफ्री बॉयकॉट यांचे आडनावही हेच असले, तरी शब्दाच्या उगमाशी त्यांचा संबंध नाही.

व्यक्तीच्या नावावरून सामान्यनाम तयार होण्याची प्रक्रिया इंग्रजीत नवी नाही. 'सँडविच' हा खाद्यपदार्थ आणि 'कार्डिगन' हा लोकरी अंगरखा ही नावे त्या त्या उपाधीच्या उमरावांवरून आली आहेत. मात्र अशा बहुतेक शब्दांत ती व्यक्ती एखादी वस्तू वापरणारी किंवा प्रचारात आणणारी असते. 'बॉयकॉट'चे तसे नाही. ज्याने कृती केली त्याचे नव्हे, तर ज्याच्यावर ती कृती झाली त्याचे नाव कृतीला मिळाले.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकातील आयर्लंडमध्ये शेतजमिनीची मालकी थोड्या जमीनदारांकडे होती. त्यांतील अनेक जण आपल्या जमिनीवर राहतही नसत. जमीन कसणारी कुळे दरवर्षी खंड भरत, आणि खंड थकला तर त्यांना घर व शेत या दोहोंतून बेदखल केले जाई. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर पडलेल्या रोगातून सुरू झालेल्या महादुष्काळात सुमारे १० लाख लोक मृत्युमुखी पडले व तितकेच देशोधडीला लागले. मेयो हा पश्चिमेकडील परगणा या दुष्काळात विशेष होरपळला होता. १८७९ साली पीक पुन्हा बुडाले, तेव्हा त्या आठवणी जुन्या झालेल्या नव्हत्या.

२१ ऑक्टोबर १८७९ रोजी 'आयरिश नॅशनल लँड लीग' या संघटनेची स्थापना झाली. मायकेल डॅव्हिट हे तिचे मुख्य प्रवर्तक होते, तर चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल अध्यक्ष होते. खंड कमी करावा, कुळांना बेदखल करू नये आणि अखेरीस कसणाऱ्याला जमिनीची मालकी मिळावी, अशा संघटनेच्या मागण्या होत्या.

१९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस येथील सभेत पार्नेल यांनी श्रोत्यांना विचारले की, बेदखल झालेल्या कुळाची जमीन जो दुसरा कोणी घेईल त्याचे काय करावे. गर्दीतून त्याला गोळी घालण्याची सूचना आली. त्यावर पार्नेल यांनी याहून चांगला मार्ग सुचवला. अशा माणसाशी रस्त्यात, दुकानात, बाजारात आणि प्रार्थनास्थळातही कोणी बोलू नये. जुन्या काळी महारोग्याला जसे दूर ठेवत तसे त्याला एकटे पाडावे, असे त्यांचे सांगणे होते. म्हणजेच या कल्पनेचा उगम हत्येला पर्याय म्हणून झाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

## कॅप्टन बॉयकॉट आणि लॉक मास्कची घटना

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट याचा जन्म १८३२ साली इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात झाला. त्याने सैन्यात अल्पकाळ नोकरी केली होती. पुढे तो आयर्लंडमध्ये स्थायिक झाला आणि लॉर्ड अर्न या जमीनदाराचा मेयोतील कारभारी बनला. बॅलिनरोब गावाजवळ, लॉक मास्क या सरोवराकाठच्या घरात तो राहत असे. कुळांकडून खंड गोळा करणे आणि थकबाकीदारांना नोटिसा बजावणे ही त्याची कामे होती. याखेरीज तो स्वतःही खंडाने घेतलेली जमीन करत असे.

१८८० साली जमीनदाराने खंडात १० टक्के सूट देऊ केली. कुळांनी २५ टक्के सूट मागितली. ती मान्य न झाल्याने अनेकांनी खंड भरला नाही. सप्टेंबर महिन्यात बेदखलीच्या नोटिसा घेऊन आलेल्या माणसाला गावातील स्त्रियांनी हुसकावून लावले. त्यानंतर बॉयकॉटच्या शेतावरील मजूर आणि घरातील नोकर काम सोडून गेले. बॅलिनरोबच्या दुकानदारांनी त्याला माल देणे थांबवले. त्याची टपाल आणणाऱ्या मुलालाही धाक दाखवण्यात आला. उभे पीक काढायला एकही माणूस मिळेना.

बॉयकॉटने आपली अवस्था सांगणारे पत्र लंडनच्या 'द टाइम्स'ला लिहिले, ते १८ ऑक्टोबर १८८० रोजी छापून आले. त्यामुळे एका गावातील तंटा देशभर गाजला. आयर्लंडच्या उत्तरेकडील कॅव्हन व मोनॅहन या परगण्यांतून ५० स्वयंसेवक त्याचे पीक काढण्यासाठी नोव्हेंबरमध्ये आले. त्यांच्या रक्षणासाठी सरकारने सैनिक व पोलीस मिळून सुमारे एक हजार माणसे पाठवली. काढलेल्या पिकाची किंमत सुमारे ५०० पौंड होती, तर या खटाटोपाचा खर्च अंदाजे १०,००० पौंडांच्या घरात गेला. शेतातील प्रत्येक सलगमामागे सरकारला एक शिलिंग पडला, असे पार्नेल यांनी उपहासाने म्हटल्याचे प्रसिद्ध आहे.

पीक निघाले, पण बॉयकॉट तेथे राहू शकला नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस तो सैनिकी संरक्षणात घराबाहेर पडला आणि डिसेंबरच्या आरंभी इंग्लंडला गेला. पुढच्या वर्षी अमेरिकेला जाताना त्याने जहाजावर 'चार्ल्स कनिंगहॅम' एवढेच नाव सांगितले. आडनाव तोवर सर्वत्र पोहोचले होते. १८९७ साली त्याचे निधन झाले.

## शब्दाची निर्मिती

या कृतीला शब्द कसा मिळाला, याची हकिगत अमेरिकी पत्रकार जेम्स रेडपाथ यांनी सांगितली आहे. रेडपाथ त्या काळात मेयोत वार्तांकन करत होते. जवळच्या नील या गावचे धर्मगुरू फादर जॉन ओमॅली यांच्याबरोबर जेवताना, लोकांनी आरंभलेल्या या कृतीला काय म्हणावे असा प्रश्न निघाला. इंग्रजीत 'ऑस्ट्रसाइझ' हा शब्द उपलब्ध होता. परंतु ग्रीक मूळ असलेला तो विद्वज्जड शब्द शेतकऱ्यांना समजणार नाही, असे ओमॅली यांना वाटले. थोडा विचार करून त्यांनी कारभाऱ्याच्या आडनावाचेच क्रियापद करण्याची सूचना केली.

ऑक्टोबर १८८० मध्ये रेडपाथ यांनी हा शब्द अमेरिकी वृत्तपत्रातून वापरला आणि नोव्हेंबरमध्ये तो 'द टाइम्स'मध्ये आला. प्रारंभी तो 'बॉयकॉट' असा थोर अक्षराने व अवतरणचिन्हांत लिहिला जाई. पुढे ही दोन्ही गळून पडली आणि विशेषनामाचे पूर्ण सामान्यनाम झाले. फ्रेंच, जर्मन, डच, स्पॅनिश व रशियन या भाषांनी तो आपापल्या उच्चारपद्धतीनुसार स्वीकारला. जपानीत तो 'बोईकोत्तो' या रूपात आढळतो, तर बंगालीत 'बयकट' या रूपात रुळला आहे.

## शब्दापूर्वीची कृती

शब्द १८८० चा असला तरी कृती फार जुनी आहे. प्राचीन अथेन्समध्ये नागरिक खापराच्या तुकड्यांवर नाव कोरून एखाद्या प्रभावी पुढाऱ्याला दहा वर्षांसाठी नगराबाहेर पाठवू शकत. अशा मतदानात किमान ६,००० खापऱ्या पडाव्या लागत. खापराच्या तुकड्याला ग्रीकमध्ये 'ओस्ट्राकोन' म्हणतात; 'ऑस्ट्रसाइझ' हा शब्द त्यावरून आला.

अमेरिकेतील वसाहतींनी १७६५ नंतर ब्रिटिश करांच्या निषेधार्थ ब्रिटिश माल न मागवण्याचे करार केले होते. १७९१ पासून इंग्लंडमधील हजारो कुटुंबांनी गुलामांच्या श्रमातून पिकलेली वेस्ट इंडीजची साखर खाणे सोडले होते. या चळवळींना त्या काळी 'आयात न करणे' किंवा 'वर्ज्य करणे' अशा अर्थाचे शब्द वापरले जात. मेयोच्या घटनेने या निरनिराळ्या कृतींना एक समान नाव दिले, आणि नाव मिळाल्यावर तिचे अनुकरण करणे सोपे झाले.

## मराठीतील प्रतिशब्द

'बहिष्कार' हा संस्कृत शब्द 'बहिस्' म्हणजे बाहेर आणि 'कृ' म्हणजे करणे यांपासून बनला आहे. बाहेर काढणे हा त्याचा शब्दशः अर्थ होय. मराठीत याच अर्थाने 'वाळीत टाकणे', 'जातीबाहेर काढणे', 'रोटीबेटी व्यवहार बंद करणे' असे वाक्प्रचार आहेत. जातीचे नियम मोडल्याच्या आरोपावरून उठणाऱ्या वादाला 'ग्रामण्य' म्हणत. त्यात दोषी ठरलेल्याला प्रायश्चित्त घेईपर्यंत पंक्तीला घेत नसत.

पुण्यातील १८९० सालचे पंचहौद मिशनचे चहा प्रकरण हे त्याचे सुपरिचित उदाहरण आहे. ख्रिस्ती मिशनच्या आवारात झालेल्या सभेत चहा दिला गेला. उपस्थितांची नावे नंतर वृत्तपत्रात प्रसिद्ध झाली आणि ग्रामण्य उभे राहिले. त्या नावांत न्या. महादेव गोविंद रानडे आणि बाळ गंगाधर टिळक यांचाही समावेश होता. पंधरा वर्षांनी ज्या टिळकांनी 'बहिष्कार' हे राजकीय शस्त्र म्हणून पुढे केले, त्यांनी त्या शब्दाची जुनी धार स्वतः अनुभवलेली होती.

१९०५ साली लॉर्ड कर्झन यांनी बंगालची फाळणी जाहीर केली. ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्याच्या टाउन हॉलमधील सभेत ब्रिटिश माल न वापरण्याचा ठराव झाला. महाराष्ट्रात टिळकांनी या चळवळीचा पुरस्कार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुण्यात विनायक दामोदर सावरकर यांच्या पुढाकाराने परदेशी कापडाची होळी झाली. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण ही टिळकांची चतुःसूत्री म्हणून ओळखली जाते. 'बॉयकॉट'साठी जुनाच 'बहिष्कार' शब्द वापरला गेल्याने त्याला या काळात नवा, राजकीय अर्थ मिळाला.

हा नवा अर्थ सर्वांना मान्य नव्हता. १९०५ च्या काँग्रेसच्या बनारस अधिवेशनात अध्यक्ष गोपाळ कृष्ण गोखले यांनी बंगालच्या असाधारण परिस्थितीत या उपायाचे समर्थन केले. पण 'बॉयकॉट' या इंग्रजी शब्दाला दुसऱ्याचे नुकसान करण्याच्या सूडबुद्धीचा वास येतो, असा इशाराही दिला. 'स्वदेशी' हा शब्द त्यांना अधिक योग्य वाटत होता.

## बाहेर कोण?

जुन्या आणि नव्या अर्थांतील भेद वाक्यरचनेतूनही दिसतो. 'जातीने त्याला बहिष्कृत केले' या वाक्यात ज्याच्यावर कृती झाली तो बाहेर जातो आणि कृती करणारे आतच राहतात. 'सदस्यांनी सभेवर बहिष्कार टाकला' या वाक्यात मात्र कृती करणारेच बाहेर राहतात. पहिल्यात 'बाहेर' ही दुसऱ्याला दिलेली शिक्षा आहे, तर दुसऱ्यात ती स्वतः निवडलेली जागा आहे. परदेशी कापड, निवडणूक, परिषद यांवरील बहिष्कार दुसऱ्या प्रकारात मोडतात. १९२८ साली सायमन कमिशनवर भारतीय पक्षांनी घातलेला बहिष्कार याच जातीचा होता.

मेयोतील मूळ घटना या दोहोंच्या सीमेवर आहे. मजुरांनी आपले श्रम काढून घेतले, हा दुसरा प्रकार. पण गावाने एका माणसाला दुकान, टपाल व संभाषण यांपासून तोडले, हा पहिला. कारभाऱ्यामागे जमीनदार, न्यायालय आणि सैन्य उभे होते, म्हणून ती कृती अन्यायाचा प्रतिकार ठरली. पुढे आयर्लंडमध्येच हेच साधन, बेदखल कुळाची जमीन घेणाऱ्या सामान्य शेतकऱ्यांवरही चालवले गेले आणि त्यात धाकदपटशाही आली.

महात्मा गांधींनी असहकाराच्या काळात 'यंग इंडिया'तून हा भेद स्पष्ट केला होता. न्यायालये, शाळा, विधिमंडळे व परदेशी कापड यांवरील बहिष्कार हा १९२० च्या असहकाराचा भाग होता. परंतु विरोधकाला सार्वजनिक विहिरीचे पाणी नाकारणे हे त्यांनी रानटीपणाचे मानले.

## सामाजिक बहिष्कार

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २० जुलै १९२४ रोजी 'बहिष्कृत हितकारिणी सभा' स्थापन केली आणि ३ एप्रिल १९२७ पासून 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू केले. टिळकांच्या चतुःसूत्रीत 'बहिष्कार' ही लोकांनी करावयाची कृती होती. आंबेडकरांच्या पाक्षिकाच्या नावात 'बहिष्कृत' हे तीच कृती पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या समाजाचे विशेषण होते. एकाच धातूपासून आलेले हे दोन शब्द वीस-बावीस वर्षांच्या अंतराने मराठी सार्वजनिक जीवनात इतक्या वेगळ्या अर्थांनी उभे राहिले.

मुंबई सरकारने १९२८ साली ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी समिती नेमली. आंबेडकर तिचे सदस्य होते. १९३० च्या अहवालात समितीने नोंदवले की, अस्पृश्यांनी हक्क बजावू नयेत म्हणून सामाजिक बहिष्कार हे हत्यार वापरले जाते. सार्वजनिक विहिरीवर पाणी भरणे हे त्याचे एक कारण असे. पण जानवे घालणे, जमीन विकत घेणे, चांगले कपडे वा दागिने घालणे किंवा नवरदेवाला घोड्यावर बसवून वरात नेणे एवढ्यावरूनही बहिष्कार पडत असे. ज्याची रोजची मजुरी, धान्य व पायवाट गावातील जमीनमालकांच्या हाती आहे, त्याला वाण्याने माल न देणे म्हणजे उपासमारच होती.

लंडनच्या गोलमेज परिषदेत आंबेडकर व रावबहादूर आर. श्रीनिवासन यांनी सादर केलेल्या निवेदनात अशा बहिष्काराला गुन्हा ठरवण्याची मागणी केली होती. त्यासाठी त्यांनी ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला होता. 'बॉयकॉट' हा शब्द जेथे कुळांचे शस्त्र म्हणून जन्मला, तेथून अर्ध्या शतकात तो भारतीय खेड्यातील शेतमजुराला ज्यापासून संरक्षण हवे अशा अन्यायाचे नाव बनला होता.

## कायदेशीर स्थिती

* '''मुंबई राज्याचा १९४९ चा कायदा''' : एखाद्या सदस्याला समाजाबाहेर काढण्यावर या कायद्याने बंदी घातली. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर निकाल देताना तो धर्मस्वातंत्र्याशी विसंगत म्हणून रद्द ठरवला.
* '''अत्याचार प्रतिबंधक कायदा''' : अनुसूचित जाती व जमातींवरील अत्याचार रोखणाऱ्या १९८९ च्या कायद्यात २०१५ साली दुरुस्ती करण्यात आली. तीनुसार या समाजांवर सामाजिक वा आर्थिक बहिष्कार घालणे हा गुन्हा ठरला.
* '''महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा''' : जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीसह अनेकांनी केलेल्या चळवळीनंतर, सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींना संरक्षण देणारे विधेयक विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये संमत केले. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ पासून कायदा लागू झाला. बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा त्यात आहे.

वस्तू न विकत घेणे, मतदान न करणे किंवा कार्यक्रमास न जाणे यांवर हा कायदा बंदी घालत नाही. माणसाला त्याच्या समाजातून तोडणे हा त्याचा विषय आहे.

## आधुनिक वापर

अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसमधील वर्णभेदाविरुद्ध केलेला बॉयकॉट ५ डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस चालला आणि न्यायालयीन निकालाने यशस्वी झाला. लंडनमध्ये १९५९ साली दक्षिण आफ्रिकेच्या मालाविरुद्ध सुरू झालेल्या बॉयकॉटमधून पुढे वर्णद्वेषविरोधी चळवळ उभी राहिली. क्रीडाक्षेत्रात १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर अमेरिकेने व १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकवर सोव्हिएत संघाने बहिष्कार टाकला.

मराठी वृत्तपत्रांत आज 'बहिष्कार' व 'बॉयकॉट' हे दोन्ही शब्द आढळतात. चित्रपट, उत्पादने किंवा कंपन्या यांच्याविरुद्धच्या मोहिमांसाठी, विशेषतः समाजमाध्यमांवर, 'बॉयकॉट' हा मूळ इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिण्याकडे कल दिसतो. परीक्षा, मतदान, बैठक किंवा कामकाज यांच्या संदर्भात 'बहिष्कार टाकणे' अधिक वापरले जाते. जातपंचायतीच्या निर्णयासाठी 'वाळीत टाकणे' हा जुना वाक्प्रचार अद्याप प्रचारात आहे. त्याची गरज अद्याप भासते, यावरून ज्या प्रथेचे तो वर्णन करतो ती पूर्णपणे संपलेली नाही, हेही कळते.